पेट्रोल नेमकं कुठं अडतंय? जुन्या गाड्यांच्या इंधन बिघाडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंधनाची तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाकडे) जातो. तो समोर दिसतो, चार स्क्रू काढले की उघडतो आणि उघडल्यावर त्यात थोडा तरी कचरा सापडतोच. मग दोष त्याचाच ठरतो. प्रत्यक्षात अडथळा बऱ्याचदा त्याच्या मागे, टाकीत, झाकणात किंवा पाइपात असतो. नाहीतर तो इंधनाचा नसतोच. खाली आधी कार्बोरेटरच्या गाड्या घेतल्या आहेत (मारुती ८००, ओम्नी, चेतक, स्प्लेंडर वगैरे), मग डिझेल जीप आणि ट्रॅक्टर, आणि शेवटी इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या.

गाडी आचके देऊन बंद पडते. दोष पेट्रोलचा की करंटचा?

बंद कशी पडते ते बघा. करंट गेला की इंजिन दिव्याचं बटण दाबल्यासारखं एका क्षणात थांबतं. पेट्रोल तुटलं की ते विझत जातं: आधी ताकद उतरते, मग दोन-चार आचके, ॲक्सिलेटर सोडला की जरा सावरतं, दाबला की पुन्हा बसतं. चोक (हवा कमी करून मिश्रण जाड करणारी पट्टी) थोडा ओढल्यावर सुधारत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोकने आणखी बिघडत असेल तर पेट्रोल जास्त होतंय, नाहीतर ठिणगी कमजोर आहे.

खात्री करायची तर गाडी बंद पडल्या पडल्या, त्याच जागी करा. अर्ध्या तासाने गॅरेजमध्ये सगळं ठीकच दिसतं. प्लग काढून बघा. सेल मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पोहोचतंय पण पेटत नाही. ठिणगी बघायला एक जादा प्लग जवळ ठेवा, तो वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि सेल मारा. निळसर, टक् टक् आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि बारीक असेल तर आधी ठिणगी तयार करणारे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बघा आणि हे पान मिटवा. ही ठिणगी प्लगच्या उघड्या भोकाजवळ पाडू नका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

तपासणी कुठून सुरू करायची?

टाकीच्या झाकणापासून. तिथून पुढे टाकी, टाकीतली जाळी, पाइप, फिल्टर, पंप आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने आपणही जायचं.

वेळ वाचवायचा असेल तर वाट मधोमध तोडा. अर्धा लिटर स्वच्छ पेट्रोल एका पत्र्याच्या डब्यात घ्या. पंपाच्या इनलेटचा पाइप काढा, टाकीकडचं तोंड बोल्ट घालून बंद करा आणि इनलेटला तीन फूट नवा पाइप जोडून तो डब्यात सोडा. डबा एक्झॉस्टपासून लांब आणि घट्ट बसवलेला हवा. गाडी जागेवरच सुरू करून इंजिन वर-खाली फिरवा. तक्रार गेली तर दोष टाकी ते पंप या टप्प्यात आहे. राहिली तर पंप किंवा त्याच्या पुढे. दहा मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटते. असा डबा लटकवून रस्त्यावर मात्र जायचं नाही.

हे घरी करण्यात धोका किती?

आहे, पण टाळता येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा (सेल मारायची गरज असेल तेवढ्यापुरती ती लावा). शेजारी किमान २ किलोचं पावडरचं अग्निशामक नळकांडं किंवा कोरड्या वाळूची बादली असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर आग पाण्याबरोबर वाहत जाते.

आणि पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय सोडा. दोन थेंब श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला सूज येऊ शकते. कुणी गिळलंच तर उलटी करायला लावू नका, थेट दवाखान्यात न्या. हातपंप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

सपाट रस्त्याला गाडी बरी चालते, कोल्हापूरहून जाताना पन्हाळ्याचा चढ लागला की दम खाते. का?

इंधन कमी पोहोचण्याचं हे सर्वांत सरळ लक्षण आहे. हिशेब करून बघा. मारुती ८०० जागेवर स्लोला चालू असताना मिनिटाला साधारण १०-१५ मिली पेट्रोल पिते. ताशी ६० ने सपाटीला, १५ चं ॲव्हरेज धरलं तर, मिनिटाला ६५-७०. पण चढाला ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की हीच गरज मिनिटाला २०० मिलीच्या पुढे जाते. अर्धवट तुंबलेला फिल्टर १०० मिली सोडत असेल, तर गॅरेजच्या दारात गाडी उत्तम वाटणार आणि पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढे रडणार. म्हणून अशी तक्रार जागेवर उभ्या गाडीचा स्लो ऐकून कधीच सापडत नाही.

बघायचं काय? आधी फिल्टर. तो पारदर्शक असेल तर आत तांबूस गाळ दिसतो, पण कागद वरून स्वच्छ दिसला तरी तुंबलेला असू शकतो. जुना असेल तर बदलाच. बसवताना बाणाची दिशा पंप किंवा कार्बोरेटरकडे. मग रबरी पाइप. जुना पाइप बाहेरून धडधाकट असतो आणि आतलं अस्तर सुटून झडपेसारखं मिटतं. दोन बोटांत दाबून बघा, मऊ-लिबलिबीत किंवा भेगाळलेला असेल तर काढा. टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी बऱ्याच जणांच्या लक्षातच नसते. गंजाचा चुरा तिथे गोळा होतो आणि गाडी उभी राहिली की खाली बसतो. म्हणून पाच मिनिटं थांबल्यावर गाडी पुन्हा ‘आपोआप’ बरी होते.

दहा-पंधरा किलोमीटर गेलं की बंद. थोडा वेळ थांबलं की सुरू. वारंवार हेच.

पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणातलं श्वासाचं भोक बंद आहे. पेट्रोल बाहेर पडतं तितकी हवा आत यायला हवी; ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. दुचाकीत तर पंपही नसतो, त्यामुळे ती लवकर थांबते. धूळ, पॉलिश आणि गाडी धुताना गेलेला साबण या भोकाचे वैरी आहेत. बाजारातलं स्वस्त झाकण घेताना त्याला वाट आहे ना हे फुंकून बघा.

मोटारसायकलचं पेट्रोल कॉक तपासायचं तर खालचा पाइप काढून भांड्यात धरा आणि एक मिनिट घड्याळ लावा. धार अखंड पडली पाहिजे. आधी झाकण लावून, मग झाकण उघडून, असं दोनदा करा. दोन्हींत फरक पडला तर झाकण; दोन्ही वेळा थेंबथेंब आलं तर कॉकची जाळी.

एप्रिल-मेमध्ये गाडी गरम झाल्यावरच बंद पडते.

दोन संशयित आहेत. पहिला व्हेपर लॉक: इंजिनच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही. गाडी आंबा घाट किंवा गगनबावडा चढून आली, चहाला थांबली, आणि मग सुरू होत नाही, असा त्याचा नमुना असतो. बंद इंजिनवर पंखा नाही, वारा नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत गाडी लागली तर उत्तर मिळालं. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवणं, आणि पंप व कार्बोरेटर यांच्या खालचे जाड उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहेत का ते बघणं. ते मोडले की कुणीतरी कागदी गॅस्केट घालून मोकळं झालेलं असतं.

दुसरा संशयित कॉइल. तीही गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते. फरक ओल्या फडक्याने कळतो: पंपावर ठेवून काही झालं नाही आणि कॉइलवर ठेवून सुरू झाली तर कॉइल बदला. वायरींना पाणी लागू देऊ नका.

मेकॅनिकल पंप गेलाय हे कसं समजायचं?

कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढा म्हणजे गाडी सुरू होणार नाही, आणि सेल मारा. ठोके देत धार आली पाहिजे. १०० मिली भरायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर वरच्या हिशेबाप्रमाणे तो पंप चढाला पुरणार नाही. आधी फिल्टर आणि पाइप नीट असल्याची खात्री मात्र हवी, नाहीतर निर्दोष पंप बदलला जातो.

पंपाच्या अंगावर खाली एक बारीक भोक असतं. तिथून पेट्रोल ठिबकत असेल तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला. त्याहून वाईट म्हणजे फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि ती दुरुस्ती पंपाच्या कित्येक पट पडते.

ॲक्सिलेटर सोडला की गाडी स्लोला टिकत नाही, बंद पडते. स्क्रू पिळून आरपीएम वाढवला तर चालेल?

तात्पुरता. खरं कारण तीन-चार जागी असतं. पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) बारीक असल्याने सर्वांत आधी तोच चोंदतो. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर त्यात बसतो. काही कार्बोरेटरना इंधन बंद करणारा सोलेनॉइड असतो. चावी चालू केल्यावर तो टक् असा वाजला पाहिजे. वाजत नसेल तर त्याची वायर बघा. नुसती सुटलेली वायर, आणि मालक सगळा कार्बोरेटर बदलून बसलेला, असं होऊ शकतं.

मग हवेची गळती. स्लो वर-खाली डुलत असेल तर मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) सांध्यांवर, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तिथे गळती. कार्ब क्लीनरचा फवाराही चालतो, पण तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो. शेवटी थ्रॉटलची दांडी: ती हाताने हलवून बघा. खडखडत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी स्लो टिकत नाही. नवा कार्बोरेटर घेण्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या लेथवर बूश बसवून मिळतो का विचारा. ओतकाम आणि मशिनिंगच्या या गावात एवढ्या कामासाठी पुण्याला जायची गरज नाही.

हे सगळं नीट असेल तर मिश्रणाचा स्क्रू: हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड ते दोन फेरे बाहेर. इंजिन गरम असताना तिथून थोडा इकडे-तिकडे करून जिथे आवाज सर्वांत भरीव लागेल तिथे सोडा. जोराने आवळला तर टोक चेपतं आणि पुढे तो स्क्रू कधीच नेमका बसत नाही.

ॲक्सिलेटर दाबला की आधी एक झटका खाते, मग उचलते.

इंजिन बंद करा, एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत ॲक्सिलेटर ओढा. त्याच क्षणी पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. नाही उडाली तर ॲक्सिलेटर पंपाचा डायफ्राम किंवा त्याची गोळीची झडप. दुचाकीच्या साध्या कार्बोरेटरला हा पंप नसतो. तिथे स्लाइडची झीज आणि निडलची क्लिप बघा.

कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, पेट्रोलचा वास येतो.

फ्लोटची निडल (पातळी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) नीट बसत नाही. कचरा अडकला असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या हँडलने कार्बोरेटरवर हळू ठोकल्यावर थांबतं, पण तो उपाय घरी पोहोचण्यापुरताच. निडलच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर निडल आणि तिची सीट जोडीने बदला. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खुळखुळत असेल तर तो फुटका आहे. गरम पाण्यात (स्टोव्हपासून लांब) बुडवलात तर बुडबुडे भोक दाखवतात. झाळून घेता येतो, पण शिसं जास्त चढलं की फ्लोट जड होतो आणि पातळी पुन्हा बिघडते.

वाहत असलेलं पेट्रोल नेहमी बाहेरच पडतं असं नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं तर ऑइल पातळ होतं. चेतक, स्प्लेंडर उभी करताना कॉक बंद करा हे सांगणं जुनं वाटेल, पण कारण हेच आहे.

जेट तारेने साफ केला तर काय बिघडतं?

जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. पोलादी तारेने ते एकदा ओरबाडलं की ॲव्हरेज कायमचं गेलं. क्लीनरचा फवारा, मग कॉम्प्रेसरची हवा. अगदीच अडलं तर मासेमारीच्या नायलॉन दोरीचा तुकडा. त्याआधी डायफ्राम, ओ-रिंग असे सगळे रबरी भाग काढून ठेवा, क्लीनरने ते फुगतात. जेट सोडवण्याआधी मिश्रणाचा स्क्रू किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेवा, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा.

ॲव्हरेज पडलंय. इंधनव्यवस्था उघडू का?

आधी खरंच पडलंय का ते मोजा. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किमान १५०-२०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा भरा, आणि भागाकार करा. काट्यावरून काढलेलं ॲव्हरेज म्हणजे अंदाज.

मग गाडी ढकलून बघा. सपाटीला एका माणसाने सरकत नसेल तर ब्रेक धरलेत. टायरची हवा, घसरणारा क्लच, तुंबलेला एअर फिल्टर हे पुढे. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप)! ‘आपल्याकडे गरज नाही’ म्हणत तो काढून टाकलेल्या जुन्या गाड्या ढिगाने आहेत. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं आणि ऑइलही लवकर खराब होतं. तो परत बसवा. चोकची केबल पूर्ण मागे जाते का, तेही कार्बोरेटरच्या टोकाशी बघा. डॅशबोर्डवरचं बटण आत गेलं म्हणजे पट्टी उघडली असं नाही.

एवढं झाल्यावर प्लगचा रंग: काळा, काजळी धरलेला असेल तर मिश्रण जाड, पांढराफटक असेल तर पातळ, फिक्का तपकिरी ठीक.

ई२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) जुनी गाडी खराब होते का?

एका रात्रीत नाही, पण फरक पडतो. देशात सरासरी १० टक्के इथेनॉलचं मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये गाठलं गेलं, २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा आला. जुनी कार्बोरेटरची गाडी ई२० साठी बनलेली नव्हती. इथेनॉलचा एक भाग उसापासून येतो, म्हणजे आपल्या शिवाराशी त्याचं नातं आहे. इंजिनाला मात्र नात्यागोत्याशी देणंघेणं नसतं.

तीन गोष्टी होतात. पहिली, शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने देतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं: सकाळी उशिरा सुरू होणं, हलका झटका, तापणं. मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेऊन स्लो सुधारतो. वेगातली तक्रार राहिली तर एक नंबर मोठा मेन जेट बसवून प्लगचा रंग बघा. दुसरी, इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के कमी भरते, तेवढं ॲव्हरेज जाणारच. तिसरी आणि खरी डोकेदुखी रबराची. जुने पाइप, डायफ्राम, ओ-रिंग फुगतात किंवा भेगाळतात, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून ई२० सुरू झाल्यावर पहिला फिल्टर लवकर तुंबला तर नवल नाही.

पाइप घेताना त्यावरचा छापील शिक्का वाचा. इंजेक्शनच्या गाडीला ‘एसएई जे३० आर९’ दर्जाचा घ्या, तो आतून फ्लोरोरबरचा असतो. कार्बोरेटरच्या गाडीलाही तोच लावला तर उत्तम. क्लिपाच वापरा, तारेने आवळलेला पाइप कापला जातो.

पेट्रोलमध्ये पाणी किंवा भेसळ आहे का, हे घरी बघता येतं?

पाणी बघायला टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याशी संगनमत करून एकदम खाली बसतं. म्हणून खालचा थर शिरलेल्या पाण्यापेक्षा मोठा असतो. अशी टाकी पूर्ण रिकामी करा. वर नवं पेट्रोल ओतून भागत नाही.

इथेनॉल किती हे मोजायला १०० मिलीच्या नळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून साधारण २८ वर गेला तर २० टक्के, १९ च्या आसपास असेल तर १० टक्के.

पंपावर शंका असेल तर तिथेच विचारा. फिल्टर पेपरची चाचणी (थेंब उडून गेल्यावर तेलकट डाग राहू नये), घनतेची चाचणी आणि ५ लिटरच्या मापाची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मापात २५ मिलीपर्यंतची तूट चालते, त्यापुढे नाही.

डिझेल जीप सकाळी सेल मारून मारून दमवते, एकदा लागली की दिवसभर ठीक.

हीटर प्लग असलेल्या गाडीत आधी ते तपासा. ते ठीक असतील, किंवा गाडीला नसतीलच, तर लाइनमध्ये हवा शिरतेय. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा भाग ओढीवर चालतो. तिथे बारीक भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं आणि दोष सापडत नाही. फिल्टरनंतर इंजेक्शन पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा. चालू गाडीत बुडबुडे पळताना दिसले की मागे मागे जात सांधे बघा. गुन्हेगार बहुधा बँजो बोल्टचे (पाइपाच्या गोल टोकातून जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर. ते प्रत्येक वेळी नवे घाला. अडचणीच्या वेळी जुना वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होऊन बसतो.

हवा काढण्याचा क्रम: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दुसऱ्यावर तेच. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू. तरीही लागली नाही तर नोझलकडचे नट (बहुधा १७ किंवा १९ चा पाना) एक एक फेरा सैल करून सेल मारा, डिझेल ठिबकलं की आवळा. हे जुन्या मेकॅनिकल पंपालाच. कॉमन रेलच्या (नव्या पद्धतीच्या, जास्त दाबाच्या इंजेक्शनच्या) गाडीत नट सैल करायचा नाही. तिथला दाब १००० बारच्या पुढे असतो, ती धार कातडीत घुसते आणि बोट गमवावं लागू शकतं.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा: डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, मगच पंप. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा: डिझेल न जळता बाहेर येतंय, टायमिंग, कमी कॉम्प्रेशन किंवा खराब नोझल. निळा धूर ऑइलचा, त्याचा या पानाशी संबंध नाही.

एक नोझल खराब असल्याचा संशय असेल तर स्लोला एकेका पाइपाचा नट सैल करा. ज्याने आवाज बदलला नाही तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल. जागेवर राहिला तर कॉम्प्रेशन. पंपाचं कॅलिब्रेशन मात्र टेस्ट बेंचवरच (पंप तपासायच्या यंत्रावर) होतं. सील तोडून स्क्रू पिळला की ताकद वाढल्यासारखी वाटते आणि पिस्टन जळतो.

गळीत हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा असतो. पावसाळ्यानंतर फिल्टर सारखा तुंबतो.

अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा, रात्री पत्रा गार, आतून घाम. ते पाणी डिझेलखाली साचतं आणि दोघांच्या सीमेवर जंतू वाढतात. फिल्टरमधला काळा बुळबुळीत लगदा त्यांचाच. ट्रॅक्टर उभा करताना टाकी काठोकाठ भरा. सुरू करण्याआधी टाकीचा आणि फिल्टरचा खालचा स्क्रू उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. लगदा दिसला तर टाकी उतरवून धुवा, नुसते फिल्टर बदलत राहिलात तर दर आठवड्याला एक लागेल.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली. सुरू करून बघू का?

नाही. चावीसुद्धा फिरवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चिखली, आंबेवाडी, शिरोळ भागात गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या; अशा गाडीत पाणी टाकीच्या श्वासनळीतूनही उतरतं. बॅटरी काढा. टाकी, पाइप, फिल्टर, फ्लोटची वाटी पूर्ण रिकामी करा. प्लग (डिझेलला नोझल) काढून इंजिन हाताने फिरवा म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर येईल. सगळी ऑइलं बदला, आणि इंजिन ऑइल शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा. डिझेल पंप लगेच बेंचवाल्याकडे द्या: त्यातल्या प्लंजरची फट मायक्रॉनमध्ये असते, चार दिवस ओला राहिला तर गंजून आवळतो.

एमपीएफआय (इंजेक्शनच्या पेट्रोल) गाडीला हेच लागू होतं का?

क्रम तोच, साधनं वेगळी. चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून पंपाची घरघर आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, रिले, अर्थची (बॉडीला जोडलेली) वायर, आणि मग पंप. दाब मोजायला गेज लागतो. जुन्या मारुतीत साधारण २.५ ते ३ बार. गेज नसताना पंप बदलणं म्हणजे जुगार. दाब नियंत्रकाची व्हॅक्यूम नळी काढून बघा, तिच्यात पेट्रोल असेल तर त्याचा डायफ्राम फाटला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. बहुतेक जुन्या इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम असतो.

गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल तळाला ठेवण्याची सवय पंप मारते. तो पेट्रोलनेच गार राहतो.

टाकी गंजलीय आणि गळतेय. वेल्डिंग करून घेऊ?

गंज असेल तर लिंबूसत: एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर ठेवा, मूठभर जुने नट टाकून हलवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडी करून आतून पेट्रोल-ऑइल फिरवा. तासभर ओली राहिली तरी पुन्हा तांबूस होते.

गळतीला रिकामी टाकी थेट वेल्डिंगला देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त स्फोटक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एक ठिणगी पुरते. टाकी वाफेने धुऊन झाळून देणारा रेडिएटरवाला गाठा. परत आल्यावर तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरा, सांध्यांवर साबणाचा फेस लावा आणि फुगे येत नाहीत हे बघूनच बसवा.